विसाव्या प्रसूतीची मोहीम

समस्त सुज्ञ जनांस जाहीर व्हावे जे, नागपूर शहरी एका परिचारिका विद्यालयात अंगठ्याचे ॲप अमलात आले आणि त्यापायी जो हाहाकार उडाला, तो जैसा जाहला तैसा, पदरचे काही न घालता लिहितो. वाचणारांनी हसू आवरावे, आम्हांस आवरले नाही.

विद्यालयाचे तख्ती अखंडितलक्ष्मीअलंकृत प्राचार्या भावना मॅडमसाहेब विराजमान. एका कंपनीच्या वकिलाने येऊन त्यांस ॲप नजर केले आणि मॅडमसाहेबांची मर्जी त्यावर ऐसी बसली की तत्क्षणी फर्मान सुटले: इतःपर विद्यार्थिनीने प्रसूतीची प्रत्येक पायरी करताच आपल्या मोबाइलवर आपला अंगठा उमटवावा, अंगठा नाही तेथे प्रसूती नाही. फर्मान काढणारांनी प्रसूतिगृहात पाऊल ठेवून बारा वर्षे लोटली होती, हे आपले केवळ माहितीस्तव.

त्या समयी कुही प्रांतीची रोशनी, तृतीय वर्षाची शिलेदार, एकोणीस प्रसूती फत्ते करून विसावीची वाट पाहत होती. वीस भरल्या तर परीक्षा, न भरल्या तर वर्ष बरबाद, आणि प्रसूतींच्या नोंदींची वही मॅडमसाहेबांच्या सहीनिशी दाखल करण्याची मुदत त्याच संध्याकाळी सरत होती. दुपारी नरखेडकडील चंद्रकला कळांनी बेजार होऊन दाखल जाहली, आणि रोशनीने हात धुतले, हातमोजे चढविले, आणि मग टेबलावर उभा केलेला मोबाइल अंगठा मागू लागला. अंगठा तर मोज्यात. मोजा काढावा तर निर्जंतुक हात बाटतो, आणि मोजे चढविल्यावर बाळंतिणीखेरीज कशास शिवू नये, हा धडा खुद्द त्या ॲपाचाच पहिला. रोशनीने धडा पाळला आणि मोबाइलकडे पाठ केली. वॉर्डाच्या सरदार पार्वतीबाई सिस्टर शेजारी होत्या, त्यांनी मोबाइलवर टॉवेल टाकला. मग चंद्रकलेने जोर केला, आणि डोके आले, आणि खांदे आले, आणि कन्यारत्न प्रकट होऊन खणखणीत रडले. टॉवेलखालून ॲपाने निवाडा दिला की सर्व पायऱ्या चुकल्या, प्रसूती जाहली नाही, कृपया पुनश्च प्रयत्न करावा.

मॅडमसाहेबांनी ॲपाची साक्ष ग्राह्य धरिली आणि वहीवर सही होणे नाही ऐसा हुकूम दिला. रोशनी दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून रडली. एवढ्या ठिकाणी लिहिणाराचेही डोके फिरले, ते लपवीत नाही.

तेव्हा पार्वतीबाईंनी चंद्रकलेची संमती घेतली, बाळ दुपट्यात गुंडाळिले, आणि थेट दरबारात जाऊन मॅडमसाहेबांचे हाती दिले. बारा वर्षे लोटली तरी मॅडमसाहेबांचा तळवा आपसूक बाळाचे मानेखाली गेला. बाळाने आक्रोश आरंभिला.

पार्वतीबाई बोलल्या, "मॅडम, हे जन्मलीच नाही म्हन्ता, तं मंग कोन रडून राहिली?"

 मॅडमसाहेबांनी एका हाती बाळ सांभाळिले, दुसऱ्या हाती पेन मागितले आणि सही केली.

येणेप्रमाणे सूर्यास्तापूर्वी वही दाखल जाहली, विसांपैकी वीस भरल्या, रोशनीस परीक्षा मिळाली आणि मोहीम फत्ते पावली. कन्येचे वजन तीन किलो शंभर ग्रॅम भरले. ॲपाचे दफ्तरी ती अद्याप जन्मास यावयाची आहे.