खरं ठरेपर्यंत हौदात

राज्य चालतं सल्ल्यावर, आणि सल्ला घ्यावा तो देवाचा निरोप आणणाऱ्या खऱ्या संदेष्ट्याचा. खरा कोण, हे ओळखायची आमच्या पूर्वजांनी घालून दिलेली कसोटी निर्दोष आहे: ज्याचं बोलणं घडतं, तो खरा. म्हणजे नुसता धीर धरला की झालं. शोमरोन या आमच्या राजधानीतल्या राजवाड्यात संदेष्टे-विभागाचा मी सतरा वर्षं मुख्य कारकून होतो, आणि धीर या विभागाने एकदाही सोडला नाही.

विभागात बहात्तर संदेष्टे होते, सगळे राजाच्या पंक्तीला जेवणारे. महाराजांनी लढाईचं विचारलं की बहात्तर जण एका सुरात 'विजय' म्हणत. (एकदा एकाहत्तरच म्हणाले. बहात्तराव्याच्या तोंडात मेंढीचं हाड होतं.) शुभ वचनाला पडताळणी लागत नसे. अशुभ वचन मात्र लिहून मडक्यात सीलबंद व्हायचं आणि बोलणारा कोरड्या हौदात उतरवला जायचा. खोटा ठरला तर मरेपर्यंत दगड, खरा ठरला तर सन्मानाचा झगा. झगा सतरा वर्षांत कुणी घातला नव्हता, त्यामुळे तो अगदी नवाकोरा होता.

मग पल्तीएल सुतार आला. भर दरबारात म्हणाला, "महाराज, परमेश्वराने मला सांगितलंय. उत्तर वेशीचा अडसर वाळवीने पोखरलाय. तो बदलला नाही तर सातूच्या कापणीआधी उत्तरेचे शत्रू, अरामी, तिथूनच आत येतील."

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी मडकं मागवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको नोगा भाकरी घेऊन हौदाशी आली, आणि तिथून तडक माझ्याकडे. "कारकूनदादा, वेस इथून शंभर पावलांवर आहे. जाऊन अडसराला बोट लावून बघा की."

"बाई, बोट लावणं हा पुरावा नव्हे. घडणं हा पुरावा."

"म्हणजे घरदार लुटलं गेल्यावर तुम्हाला कळणार?"

"खात्रीने कळणार," मी म्हणालो. आमच्या कामात खात्रीला फार महत्त्व.

सातू पिवळा पडला आणि अरामी सैन्य डोंगराखाली उतरलं. मी हौदात डोकावून पल्तीएलचं अभिनंदन केलं.

"अहो, अभिनंदन कसलं करताय? मला वर काढा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, नवा अडसर घालून देतो."

"वेड्या, अडसर बदलला तर अरामी आत येणार नाहीत. तुझं वचन खोटं ठरेल, आणि मला तुझ्यावर दगड टाकावे लागतील."

"मी 'बदलला नाही तर' म्हणालो होतो."

"देवाचं वचन अटी घालत नाही, म्हणून नोंदीत अट गाळलीय."

तो म्हणाला, "बरं, टाका दगड. पण अडसर बदला. माझ्या पोरी वेशीलगत राहतात हो."

सतरा वर्षांत हौदातल्या कुणी स्वतःहून दगड मागितले नव्हते. चांगल्या माणसाचा जीव वाचवायलाच हवा होता, म्हणून मी वेशीवर पहारा बसवला. कुणीही अडसराला हात लावायचा नाही.

अरामींनी दोनदा धडक दिली. तिसरीची गरज पडली नाही.

दोरखंडात बांधून आम्हाला उत्तरेकडे नेलं, तेव्हा रांगेत झगा अंगावर असलेला एकटा पल्तीएल होता. निघण्यापूर्वी मी तो स्वतः त्याच्या खांद्यावर घातला. एका हाताने त्याने नोगाला धरलं होतं, दुसऱ्या हाताने धाकटीला. थोरली रांगेत नव्हती.

महाराज पुढून ओरडले, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं, महाराज," मी म्हणालो. "मडकं सीलबंद आहे. सील शाबूत."

इथल्या नव्या, अरामी राजाने मला त्याच खात्यात घेतलंय. अनुभवी माणूस कुठे मिळतो? तुमच्याकडेही कुणीतरी, काहीतरी पोखरलंय असं सांगितलं असेलच, आणि तुम्ही 'बघू' म्हणाला असाल. रास्त केलंत. आता धीर धरा, आणि बोट मात्र लावू नका.