जांभळाच्या झाडाची साक्ष

"वकीलबाई नुसत्या शेजारी बसू देत, उत्तरा! न्यायाधीशाला मी बोलता बोलता खिशात घालतो!"

१९८४ च्या नोव्हेंबरातल्या त्या करड्या सकाळी, अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या भाड्याच्या घरात टायची गाठ आवळत उल्हास देवधर बायकोला म्हणाला. मोटार कंपनीतली नोकरी गेली होती, तिच्यामागून व्हिसा गेला होता. त्याच्यातला कवी तेवढा अजून हद्दपार व्हायचा होता.

वाचण्याची वाट एकच होती. सात वर्षांची लेक दीपा इथेच जन्मलेली, म्हणून अमेरिकन. आईबापांना घालवून दिल्यास तिचे अतोनात हाल होतील, हे पटले असते तर हद्दपारी टळणार होती. "मुलीला मराठी येत नाही, हे ठसवा," वकीलबाईंनी बजावले होते. ते खरेही होते! 'पाणी आण' म्हटले की दीपा टीव्ही बंद करायची.

कोर्टात न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले. "मुलीला तुमची भाषा अजिबात येत नाही?"

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात कवितापठणाचे पहिले बक्षीस पटकावणाऱ्या मुलीचा बाप तो! चारचौघांत लेकीला 'अजिबात येत नाही' म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"तसं अगदीच नाही... कविता म्हणते. माझी! दीपू, म्हणून दाखव बघू."

वकीलबाईंनी टेबलाखालून लाथ मारली. उल्हासला ती दाद वाटली.

"बाबा, डू आय हॅव टू?" म्हणत दीपा उठली आणि रोमन अक्षरांतून घोकलेल्या ओळी हातवाऱ्यांसकट खणखणीत म्हणाली:

"जांभळाच्या झाडा, माझी सावली राखून ठेव;
मी निघालो आहे."

दुभाष्याने इमानाने भाषांतर केले. न्यायाधीश हेलावले. "फारच सुंदर," ते म्हणाले, आणि त्यांनी अर्ज फेटाळला.

पार्किंगमध्ये उत्तरा फुटली. "अहो, कसली सावली? ते झाड तोडून तुमच्या भावाने गाळे बांधलेत! आणि निघालो म्हणे! सात वर्षं या देशाच्या उंबऱ्याला चिकटून बसलोय आपण!"

त्यांनी पुन्हा अर्ज केला: मुलीला कवितेचा अर्थ कळत नाही, झाडही उरलेले नाही. उत्तर आले: यात नवीन काय? हे तेव्हाच सांगायचे होते.

मग अपील कोर्ट. तीन न्यायाधीशांसाठी उल्हासने भाषण घोटले. दीपाला तर गप्प बसण्याची तालीम दिली!

"इथे तुम्हाला कोणी बोलायला सांगणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मग हे तिघं बघणार काय?"

"आधीचा नकार नियमाला धरून होता की नाही, तेवढंच."

"म्हणजे फाशी योग्य का, हा प्रश्नच नाही! गाठ नीट बसली का, एवढंच!" उल्हास म्हणाला आणि नकळत त्याने टाय सैल केला.

गाठ नीट बसली होती. निकालाच्या तळटीपेत त्याची कविता इंग्रजीत छापली होती: अर्जदार स्वतःच म्हणतो की तो निघाला आहे. आयुष्यभर त्याने मासिकांना कविता पाठवल्या आणि त्या आल्या पावली परत आल्या. ही मात्र कोर्टाने ठेवून घेतली होती. कवी तेवढा साभार परत.

दीपाने ती तळटीप अडखळत वाचली. आपण काय म्हणालो होतो, ते तिला पहिल्यांदाच कळले.

"बाबा! आय नेव्हर सेड दॅट!"

उल्हासने कागदात डोके खुपसले.

"ओळ चुकीच्या जागी तोडलीय यांनी," तो पुटपुटला.