उकिरड्याला विचारू

कोणत्याही गावात पाय ठेवला की सोनाजीभाऊ आधी उकिरड्यावर जात. माणसं देवळात जातात, पाटलाच्या ओट्यावर जातात, गेला बाजार विहिरीवर तरी जातात. हे मात्र छत्री काखेत मारून सरळ घरांच्या मागच्या बाजूला. तिथे छत्रीच्या टोकाने राख उकरायची, काहीतरी चिमटीत धरून नाकाशी न्यायचं आणि मान डोलवायची. डोक्याला काळी टोपी, अंगात कंपनीचा पांढरा कोट आणि हा उद्योग! पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचं काही हरवलं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, यांचं डोकं फिरलं असेल. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला छत्रीने खूण करून जवळ बोलावलं.

"इकडे ये, बापू. हे पाह्य. हा चहाचा चोथा. पन दोनदा उकयलेला. म्हंजे आवड हाय, ऐपत नाई. लिहून घे."

मी लिहून घेतलं. तेच माझं काम होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. सरकारी हुकूम नागपूरहून यायचे आणि आमचा चहा मुंबईहून. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत चहा फारसा कोणाला ठाऊक नव्हता, आणि ज्यांना होता ते त्याला तापावरचं औषध समजत. लोकांना त्याची चटक लावायचं काम कंपनीने आम्हा तिघांवर सोपवलेलं. एक बैलगाडी, तिच्यावर तांब्याचा बंब, भोंग्याचा फोनो आणि पत्र्याचे पेले. बाजाराच्या दिवशी गाडी सोडायची, फोनो लावायचा, गर्दी जमली की फुकट चहा पाजायचा आणि लोक उठायच्या आत पुड्या खपवायच्या. बैल हाकणं आणि चहा उकळणं रहमानचाचांकडे, बोलणं सोनाजीभाऊंकडे आणि लिहिणं माझ्याकडे. दर महिन्याला मुंबईहून एक छापील इंग्रजी कागद यायचा. त्यात लोकांचा कल भरून पाठवायचा असे.

आता लोकांचा कल कळावा कसा? मी लोकांना विचारायचो. सोनाजीभाऊंना ते बिलकूल पटत नसे.

"लोकाईले इचारलं तं लोक पाव्हन्यासमोर सांगाचं थेच सांगते. थांब, उकिरड्याले इचारू."

हे त्यांचं पालुपद होतं. आणि खोटं कशाला बोला, उकिरडा त्यांना कधी फसवत नसे. देऊळगाव राजाला एका वकिलांनी भर बाजारात आमच्या गाडीपुढे उभं राहून भाषण ठोकलं. चहा हे विलायती विष आहे, माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत ते आलेलं नाही, येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आमचे पेले तसेच राहिले. सोनाजीभाऊ हळूच वकिलांच्या घरामागे जाऊन आले आणि गर्दीतून वाट काढत त्यांच्या कानाशी लागले. "वकीलसाहेब, चोथा निंबाच्या पाल्याखाली झाकून ठेवता थे ठीक. पन उकयता लय. कडू होत असंन." वकील त्यानंतर आमचं कायमचं गिऱ्हाईक झाले. पुड्या मात्र त्यांचा गडी अंधार पडल्यावर येऊन नेई.

चहावरच ते थांबत नसत. फुटक्या आरशाचा तुकडा दिसला की म्हणत, "वर्षभरात या घरात साबन येते पाह्य." साबणाचा कागद दिसला की म्हणत, "आता पोट्टं शयरात जाते." मी हसायचो. पण वर्षभराने त्याच गावात जावं तर साबण आलेला असे आणि मुलगा भुसावळला गेलेला असे. शेगावात मात्र त्यांचं मन रमत नसे. तिथल्या धर्मशाळांमागे कचऱ्याचे ढीग असत, पण सोनाजीभाऊ नाक मुरडत. "हा पाव्हन्याईचा उकिरडा. कोनाचं काय, काई कयत नाई."

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात तर कहरच झाला. पांढरा कोट घालून कोणीतरी उकिरडे उकरतोय म्हटल्यावर गावाने ओळखलं, हा आबकारीचा साहेब, मोहाच्या दारूच्या मागावर आलाय. घटकाभरात गावातली मडकी ओढ्यात रिकामी झाली. पाटील एक कोंबडा घेऊन आले आणि तो सोनाजीभाऊंच्या हातात देऊन म्हणाले, "साहेब, लेकराबायाचं गाव हाय, सांभायून घ्या." आम्ही चहावाले आहोत हे कळल्यावर गावाला इतका आनंद झाला, की गाडीवरच्या सगळ्या पुड्या संपल्या. मी कागदावर 'उत्तम खप' लिहिलं आणि मुंबईहून शाबासकी आली. पुढच्या बाजाराला त्या गावाने एक पुडी घेतली नाही. सोनाजीभाऊ म्हणाले, "बापू, भेवाची खरेदी कलात धराची नाई." असं कोणत्या साहेबाने मला शिकवलं नव्हतं.

एवढ्या खऱ्या माणसाचं एका गावाच्या बाबतीत मात्र काहीतरी बिनसायचं. संग्रामपूरकडचं जांभूळखेड. शे-सव्वाशे घरं, मंगळवारचा छोटा बाजार. तिथे लोक चहा फुकट पीत, तोंड पुसत आणि घरी जात. पुडी खपल्याचं मला आठवत नाही. तरी दर महिन्याला सोनाजीभाऊ बजावत, "जांभूयखेड लिही, कल वाढता." मी विचारलं तर म्हणत, "उकिरड्यावर चोथा हाय. तू सोता पाह्य." मी पाहिलं. होता. एकाच घरामागे, पण मुबलक होता.

मग मुंबईहून पत्र आलं की, जिथे खप नाही ती गावं फेरीतून गाळायची आहेत, तरी कारकुनाने स्वतः तपास करून कळवावं. मी मंगळवारी जरा लवकर त्या घरामागे गेलो. बाभळीच्या कुंपणाआड सोनाजीभाऊ उभे होते. कोटाच्या आतून त्यांनी एक ओलं फडकं काढलं, सोडलं आणि आमच्याच बंबातला चोथा राखेवर पसरला. मग छत्रीने तो असा सारखा केला, की रोजचाच वाटावा.

मला पाहून ते दचकले नाहीत. खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मायी लेक हाय या घरात. गिरजा."

बायको लवकर गेलेली, ही एकुलती एक मुलगी. तिचं लग्न त्यांनी हौसेने केलं. कंपनीचा नवा कोट घातलेला. वरात दारात आली तेव्हा वरपक्षाला आटीव दूध द्यायची रीत. सोनाजीभाऊंना वाटलं, दूध काय कोणीही देतं, आपण आपल्या घरची चीज देऊ. त्यांनी बंब मांडला आणि व्याह्यांपुढे चहा ठेवला. साखर दुप्पट घातलेली.

"म्या मानानं देल्ला, बापू. साहेबलोक पेते थो चहा." ते टोपी चाचपत म्हणाले. "व्याही उठून उभा राह्यला. म्हने, बाजारात फुकट वाटतं थे पानी आमच्यापुढं ठेवतं? लगन लागलं, पोरगी घेऊन गेले. अन् सांगून गेले, तुया चहा अन् तुयं तोंड आमच्या दारात नाई पायजे."

तीन वर्षं झाली होती त्याला. मुलीला माहेरी पाठवलं नाही. मग हा बाप मंगळवारच्या मंगळवार घरामागे यायचा आणि लेकीची खुशाली वाचून जायचा. बांगडीचे एक-दोन तुकडे दिसले की बरं वाटायचं. पोरगी कामात आहे. ओंजळभर काचा दिसल्या तर काय समजायचं, या भीतीने राख छत्रीच्या टोकाने हळूहळू उकरायचा. एकदा काढ्याच्या काड्या दिसल्या, तेव्हा आठ दिवस जेवण गेलं नाही. फेरीतून हे गाव गळलं, तर नोकरी करणाऱ्या माणसाला इथे यायला दुसरं निमित्त नव्हतं.

"पण चोथा याच घरामागे कशाला टाकता?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या उकिरड्यावर काऊन उभा राहू?" ते म्हणाले. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "अन् इथं चोथा दिसला का बरं वाटते. वाटते, पोरगी सकायी चहा पेऊन राह्यली."

त्या महिन्यात मी 'कल वाढता' लिहिलं. आयुष्यातलं पहिलं खोटं विवरण, आणि ते लिहिताना मला अजिबात वाईट वाटलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी एका मंगळवारी सोनाजीभाऊ उकिरड्यावरून धावत गाडीकडे आले. धावताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. मुठीत खारकेच्या बिया आणि थोड्या बाळंतशोपा.

"बापू, बायंतीन हाय घरात! पह्यलं बायंतपन, अन् माहेरी नाई धाडली. कयवलं बी नाई." ते हसत होते आणि त्याच वेळी डोळे पुसत होते. "सगयं कयते उकिरड्यावर, पन पोट्टा का पोट्टी थे नाई कयत. तू जा ना. तुयाजवळ कंपनीचा कागद हाय."

कागद खरंच होता. घरात माणसं किती, मुलं किती, चहा पितात का, असे प्रश्न. बाळंतिणीचे दिवस सरू द्यावे म्हणून मी महिनाभर थांबलो आणि मग कागद घेऊन समोरच्या दाराने गेलो. सासूबाई ओसरीत तुरी पाखडत होत्या.

"मानसं चार. अन् एक पोट्टी, दीड महिन्याची," त्या सूप न थांबवता म्हणाल्या.

"चहा?"

सूप थांबलं. "चहाचं नाव काढू नका या घरात. आमची सून चोरून पेते, थे येगयं. रोज नाई म्हनते, अन् उकिरड्यावर चोथा सापडते. बापाची सवय, दुसरं काय! बायंतपनात बी सुटली नाई."

मी कागदाची घडी घातली आणि मागच्या वाटेने निघालो. राखेचं टोपलं घेऊन एक तरुण बाई बाहेर आली. गाल बसलेले, पदर कपाळापर्यंत. टोपलं रिकामं करता करता, माझ्याकडे न पाहता ती बोलली.

"तुमी बाबाच्या गाडीवरचे ना, भाऊ? त्याईले म्हनावं, चोथा टाकू नका. मंगयवार आला का मले उपाशी ठेवते. म्हनते, चहा पेली ना, मंग भाकर कायले पायजे?" टोपलं झटकून ती वळली, पुन्हा थांबली. "पन असं नोका सांगू. त्याईच्या जिवाले लागंन. इकडे येऊच देऊ नका, बस."

बाजारात सोनाजीभाऊ फोनो बंद करून माझी वाट पाहत होते.

"पोट्टी," मी म्हणालो.

"पोट्टी!" त्यांनी रहमानचाचांना हाक मारून सांगितलं. चाचांनी "मुबारक हो, भाऊ" म्हणत बंबात साखर ओतली आणि त्या दिवशी बाजाराला गोडमिट्ट चहा मिळाला. "कोनावानी हाय?" सोनाजीभाऊंनी विचारलं. मी मूल पाहिलंच नव्हतं. तुमच्यासारखी आहे म्हणालो. "अन् गिरजा?" बरी आहे म्हणालो.

संध्याकाळी मी गाडीच्या फळीवर मुंबईचा कागद पसरला. सोनाजीभाऊ शेजारी बसून सांगत होते, "लिही, जांभूयखेड, कल वाढता. लय वाढता." इंग्रजी त्यांना येत नसे. मी लिहिलं की, गावात खप नाही, होण्याची शक्यता नाही, गाव गाळावं. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी खाली सही केली, मोडी वळणाची, सावकाश, ठसठशीत.

मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही, की मी बरं केलं की वाईट. पोरीला मंगळवारची भाकर तरी मिळाली असेल, असं मी मनाला सांगत आलो.

पुढच्या महिन्यात मुंबईहून नव्या फेरीची यादी आली. तिच्यात जांभूळखेड नव्हतं. सोनाजीभाऊंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, मला फार लागलंय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे, बापू. तुयी काय चूक? तू तं लिहिलंच होतं."