यमुताईंचे वाचन मंडळ आणि वरचा डोह

एका जंगलात, बाळांनो, यमुताई नावाची एक साळिंदर राहत होती. ते जंगल नेमके कुठे आहे, हे विचारू नका. सरकारलाही ते ठाऊक नव्हते, म्हणून तर ते टिकले होते.

त्या जंगलात एकदा काही परदेशी पाहुणे तंबू ठोकून राहिले. जंगलाचा विकास कसा करावा, याचा ते अभ्यास करत होते. अभ्यास संपला, तसे ते निघून गेले. विकास तेवढा राहून गेला, आणि पुस्तकांची एक पेटी.

यमुताईंनी पेटी उघडली ती कुरतडायला. साळिंदरांना दाताला काहीतरी चाळा लागतोच. पण वरच्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांची नजर अडकली आणि संध्याकाळपर्यंत त्या वाचतच बसल्या. दूरदूरच्या देशांतल्या प्राण्यांची दुःखे त्यात होती. कुणाची कुरणे गेली होती. कुणाची नदी अडवली होती. कुणी जुना राजा घालवून नवा आणला होता, आणि तोही जुन्यासारखाच निघाला होता. यमुताईंना भरून आले. इतकी वर्षे आपण नुसती मुळे उकरत बसलो, असे त्यांना वाटले.

मग त्यांनी बेहड्याच्या झाडाखाली वाचन मंडळ सुरू केले. ससे आले. दामूअण्णा अस्वल आले, कारण ते सगळीकडेच येत. शेवंता रानकोंबडी पिल्लांना घेऊन आली. यमुताई मोठ्याने वाचत आणि दामूअण्णा दर वाक्याला "अगदी खरं आहे" म्हणत.

"परिघावरचे घटक म्हणजे कोण हो, ताई?" एकदा शेवंताने विचारले.

"ज्यांचं कुणी ऐकत नाही, ते."

"अगंबाई, बिचारे. राहतात कुठं?"

"प्रश्न शेवटी घेऊ," यमुताई म्हणाल्या आणि पान उलटले.

उन्हाळा आला. ओढा आटला. पाणी उरले फक्त वरच्या डोहात, आणि डोहाच्या वाटेवर रावसाहेब गवा आडवा उभा असे. डोह त्याचा कसा झाला, म्हणाल? एक दिवस तो तिथे उभा राहिला. त्याला कुणी सरक म्हणाले नाही. झाला त्याचा.

शेवंताचे धाकटे पिल्लू मान टाकू लागले. तिने मंडळात विषय काढला. "ताई, वरच्या डोहावर जायचं का आपण?"

यमुताईंची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटत होती. पिल्लाकडे त्यांनी दोनदा पाहिले. पण पुस्तक मांडीवर होते.

"जायचंच आहे, शेवंता. पण ते नवव्या प्रकरणात येतं. आपण चौथ्यात आहोत. आधी समस्या समजून घेऊ."

"समस्या तहान आहे ना, ताई?"

"ते लक्षण झालं."

"अगदी खरं आहे," दामूअण्णा म्हणाले. त्यांचा आवाजही बसला होता.

चौथ्या प्रकरणाच्या शेवटी एका दूर देशाची हकिकत होती. तिथे एका पाणघोड्याने तळे बळकावले होते. यमुताई अडखळत, थांबत वाचू लागल्या. उन्हाने आणि तहानेने शेवंताला गुंगी आली. ती दचकून जागी झाली, तेव्हा ताई वाचत होत्या, "मग सगळे मिळून पाण्याकडे निघाले."

शेवंताला वाटले, ठरले वाटते. तिने पिल्ले गोळा केली आणि ती चालू लागली.

यमुताईंनी मान वर केली, तोवर ती बरीच पुढे गेली होती. त्या घाबरल्या. त्या गव्याच्या एका खुराखाली अख्खे खुराडे चिरडले असते.

"शेवंता, थांब, आपली अजून तयारी नाही," असे म्हणत त्या तिच्यामागे धावल्या.

ताई डोहाकडे धावताहेत हे पाहून ससे धावले. ससे धावले म्हणून दामूअण्णा धावले. वाटेत ज्यांनी कधी पुस्तक पाहिले नव्हते, तेही सामील झाले.

रावसाहेबाने पाहिले, तर धुळीचा लोट उठलेला. पुढे एक कोंबडी. तिच्यामागे अंगावरचा एकूणएक काटा उभा राहिलेली साळिंदर. तिच्यामागे सगळे जंगल. काटे भीतीने उभे राहिले होते, हे त्याला कसे कळणार? तो बाजूला झाला.

"रावसाहेब, गैरसमज नको," यमुताई धापा टाकत म्हणाल्या. "आम्ही फक्त..."

तोवर शेवंताने चोच पाण्यात घातली होती. धाकटे पिल्लू थेंब गिळून मान झटकत होते. मग यमुताईही वाकल्या आणि प्यायल्या. चौथे प्रकरण अपुरे राहिले, याची त्यांना जराशी रुखरुख लागली. पण पाणी गार होते.

काही दिवसांनी रावसाहेब स्वतः त्यांच्या बिळाशी आला. "ताई, हे सगळं तुम्ही शिकलात कुठून?" त्याने फार नम्रपणे विचारले.

यमुताईंना आनंद झाला. नवा वाचक, आणि एवढा मोठा. त्यांनी पुस्तक त्याला दिले. त्याने ते वाचले. नववे प्रकरण वाचले, शेवटचे वाचले, परिशिष्टही वाचले.

पुढच्या उन्हाळ्यात रावसाहेब वाटेत उभा नव्हता. तो वारुळाच्या उंचवट्यावर उभा होता.

"पाणी सर्वांचं आहे," तो म्हणाला. "म्हणूनच त्याचा निर्णय सर्वांनी घ्यायचा. सहभागातून. टप्प्याटप्प्यानं. सहमती होईपर्यंत डोह आमचा कळप सांभाळील."

समिती झाली. अध्यक्ष रावसाहेब, उपाध्यक्ष यमुताई. त्याचा शब्द न् शब्द यमुताईंना पाठ होता, पानासकट. विरोध करायचा तरी कशाला? सगळे त्यांच्याच पुस्तकातले तर होते.

"ताई, पाणी कधी मिळेल?" शेवंताने विचारले.

"सहमती झाली की."

"आणि ती कधी होते?"

यमुताईंनी डोहाकडे पाहिले. गव्याची वासरे गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती.

"ते परिशिष्टात आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नजर खाली वळवली.

तात्पर्य : पुस्तक कधीही शेवटपर्यंत वाचू नये. अर्धवट ऐकले तर पाणी मिळते, पूर्ण वाचले तर समिती. तरीही वाचायचेच असेल, तर मुलांनो, आधी पाणी पिऊन घ्या.