झालं म्हटलं की पुढची ओळ

अंकुशने एकदा "होतंय की!" म्हटलं, की ते झालं नाही असं आजवर घडलंच नव्हतं! निदान अंकुशचं तरी तसं म्हणणं होतं.

त्याचा पाडा मनोरपासून आत, डोंगराच्या कुशीत. नोकरी मात्र बोईसरच्या एका कारखान्यात आणि खोली सालवडला. कारखान्यात बाटल्या भरणारं एक लांबलचक यंत्र होतं, आणि त्या यंत्राच्या डोक्यात अक्कल भरणं हे अंकुशचं काम. ही अक्कल तो ल्युआ नावाच्या एका चिमुकल्या भाषेत लिहीत असे. ल्युआ म्हणजे पोर्तुगीज लोकांचा चंद्र, हे तो गेटवरच्या वॉचमनलाही न विचारता सांगत असे.

या भाषेत त्याची एक लाडकी चीज होती. कोरूटीन! साधा प्रोग्राम म्हणजे उतारावर सुटलेली बैलगाडी. निघाली की पायथ्याशी जाऊनच थांबणार, मग मध्ये म्हैस येवो की मामलेदार. कोरूटीन तशी नाही. ती मध्येच थांबते, आपण कुठे थांबलो ते मनात ठेवते, "तुमचं चालू द्या" म्हणून बाजूला बसते आणि हाक आली की जिथे पाऊल टाकलं होतं तिथूनच पुढे चालू लागते. हाक म्हणजे इव्हेंट. बाटली आली, ही हाक. बाटली भरली, ही हाक. हाकेला जागणारी आणि आपली जागा न विसरणारी अशी ती गुणाची पोर!

आणि अशातच त्याच्या बहिणीचं, सपनाचं लग्न ठरलं.

पाड्यावरच्या लग्नाला भटजी नसतो, पोथी नसते. लग्न लावते धवलेरी, आणि ती ते गाऊन लावते. सगळं लग्न तिच्या गाण्यात असतं. तिने "चौक लिवा" म्हणून गायलं की सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायला बसतात. तो लिहून होईपर्यंत धवलेरी गप्प. मग ती हळदीचं गाते, पुन्हा गप्प. असं थांबत, चालत, थांबत गाणं संपतं तेव्हा नवरा-नवरी एकमेकांची झालेली असतात.

पंचक्रोशीत धवलेरी एकच उरली होती. नवसीआजी. आणि त्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या नवशाच्या मुलीचंही लग्न होतं!

"नवशाला आधी शबूद दिलाय," आजी म्हणाली. "माजे काय दोन तुकडं करशील?"

इकडे सपनाने जाहीर केलं, "आजीच्या गाण्याबिगर मी मांडवात बसायची नाय! घरात बसून म्हातारी झाले तरी चालंल!"

आई रडायला लागली. अंकुश मात्र हसला. असा हसला, जणू एवढ्याचसाठी चौदा वर्षं शिकला होता. "आजी म्हणजे कोरूटीनच की!" तो ओरडला.

"कोन रूटीन?" आईने डोळे पुसले.

"आजी गाते, थांबते, काम झालं की पुढे गाते. हेच मी रोज बाटल्यांचं करतो. आजीचा आवाज मी डब्यात भरून आणतो. होतंय की!"

त्याने आजीला सालवडच्या खोलीवर आणलं, पंखा बंद केला आणि अख्खी दुपार तिचं गाणं भरून घेतलं. काय तो आवाज! उन्हाने तापलेल्या कौलावर कुणी ओलं फडकं फिरवावं तसा.

*चौक लिवा गं बायांनो, चौक लिवा,*
*पिठाच्या चांदन्यात देव बसवा.*

मग त्याने गाण्याचे चौदा तुकडे केले आणि स्पीकर लावलेल्या एका डब्यात, कोरूटीनच्या धाग्यात ओवले. प्रत्येक तुकड्यानंतर गाणं थांबणार, हाकेची वाट बघणार. आता हाक कसली ठेवायची? बटण ठेवलं तर हळदीच्या हातांनी ते कोण दाबणार? अंकुशला एकदम सुचलं. काम संपलं की आपली बाई काय म्हणते? "झालं!" डब्याला माईक लावायचा. "झालं" ऐकू आलं की गाणं पुढे! हुशारी इतकी की "झालं", "झाला", "झाली" तिन्ही रूपं त्याने डब्याला शिकवली. व्याकरणात कुणी मागे राहायला नको!

खोलीत चाचणी घेतली. अंकुशने "झालं" म्हणायचं, डब्याने गायचं. चौदा वेळा म्हटलं, चौदा वेळा गायलं. एक चूक नाही. त्या दिवशी तो आरशात स्वतःकडे बघून दोनदा हसला.

लग्नाचा दिवस उजाडला. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला. चौकाच्या भिंतीपाशी पाटावर डबा बसला. त्याला कुणीतरी कुंकूही लावलं. नवरदेव विपुल वऱ्हाडासह टेम्पोतून निघाला होता. डब्यातून आजीचा आवाज आला आणि बायकांच्या अंगावर काटा आला.

*चौक लिवा गं बायांनो, चौक लिवा...*

सवाशिणींनी पिठात काडी बुडवली. पारूकाकीने पहिली रेघ ओढली. सगळं कसं स्वप्नासारखं चाललं होतं!

तेवढ्यात चुलीकडून कुणीतरी हाळी दिली, "भात झालाऽऽ!"

डबा तत्परतेने गाऊ लागला:

*हळद आली गं डोंगरावरून,*
*पिवळ्या पायांनी उंबऱ्यावरून.*

"आँ?" पारूकाकीचा हात हवेतच राहिला. "एक रेघ नाय ओढली, न् हळद?"

"लावा मग!" चिंतूआजा म्हणाला. तो पाड्यातला सगळ्यांत जुना माणूस, रीतीभातीचा पहारेकरी. "धवलेरीनं सांगितलं ते ऐकायचं!"

दोघी हळदीकडे धावल्या. घाईत वाटी कलंडली आणि मांडवाच्या खांबाला सपनाच्या आधी हळद लागली.

"पानी भरून झालं गं!" विहिरीवरून आवाज आला.

डबा पुढे! आता मुंडावळ्या.

"अगं, हळद कुठं लावून—"

"बोलू नका!" अंकुश धावत आला. "ऐका, ऐका सगळे! माईक चालू आहे. तो एक शब्द मांडवात कुणीच उच्चारायचा नाही!"

"कोनता रं शबूद?" चिंतूआजाने कानामागे हात धरला.

"तो... काम संपल्यावर म्हणतो तो!"

"कोनता? मोठ्यानं बोल!"

"झालं!" अंकुश ओरडला.

डब्याने मुंडावळ्या सोडल्या आणि वऱ्हाडाचं स्वागत सुरू केलं.

वऱ्हाड तर अजून हायवेवर होतं! अंकुशने फोन लावला. पलीकडून विपुल म्हणाला, "मनोरच्या नाक्यावर अडकलोय, दादा! पुढं ट्रेलर आडवा झाला!"

फोन स्पीकरवर होता.

*नवरा आला गं, वाट सोडा,*
*रुसल्या मेव्हणीचा राग मोडा.*

"कुठं आला? कुठं आला?" अख्खा मांडव रस्त्याकडे पळाला. रस्त्यावरून एक गॅसची गाडी येत होती. वाजंत्र्याने तारपा फुंकला. बायकांनी गाडीवाल्याला ओवाळायला घेतलं. तो बिचारा सिलिंडर खाली टाकून "मैं शादीशुदा हूँ!" म्हणत शेतातून पळत सुटला.

आईने कपाळावर हात मारला. "झालं! गेली आब्रू!"

आता बघा, मराठी माणूस काम संपलं तरी "झालं" म्हणतो आणि घात झाला तरी "झालं"च म्हणतो. पोर्तुगीजांचं काय ते ठाऊक नाही. पण त्या मांडवात आता पन्नास माणसं कपाळावर हात मारत होती आणि प्रत्येकजण एकच शब्द म्हणत होता. "झालं!" "काय झालं?" "सगळं वाटोळं झालं!" आणि आजीचा तो गोड आवाज कड्यावरून उतरणाऱ्या ओढ्यासारखा एकेक ओळ उड्या मारत पुढे निघाला. हातात हात द्या! गाठ मारा! फेरे घ्या! सपना एकटीच मांडवात उभी. तिच्या कपाळावर एका बाजूची मुंडावळी, हात पुढे केलेला आणि त्या हातात हात द्यायला कुणीच नाही.

"दादा!" ती किंचाळली. "तुजा डबा माजं लगीन लावतोय! कोनाशी लावतोय?"

शेवटचा एकच तुकडा उरला होता. अंकुशने झेप घेतली आणि वायर उपटली.

गाणं तेराव्या तुकड्यात मेलं. आणि मेलेली कोरूटीन पुन्हा उठत नाही, हे मांडवात फक्त अंकुशला माहीत होतं. ती कुठे थांबली ते मेमरीत होतं; मेमरी विजेवर होती; वीज त्याच्या हातात लोंबत होती.

"काही नाही, पहिल्यापासून लावतो," तो घाम पुसत म्हणाला. आवाजात ऐट मात्र शाबूत होती.

"खबरदार!" चिंतूआजाने काठी आपटली. "धवलेरीची पयली वळ एकदाच गातात. दुसऱ्यांदा गायली म्हंजे दुसरं लगीन! पोरीचं पयलं अर्धं ऱ्हायलं न् तू दुसरं लावतोस?"

सपनाने भोकाड पसरलं. पुढे जावं तर नवरा नाही, मागे जावं तर रीत नाही. बहीण अर्ध्या लग्नाची होऊन मांडवात बसली होती! अंकुशने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने मोटारसायकलला लाथ घातली.

ओढ्यापलीकडे नवसीआजी नवशाच्या भिंतीपाशी बसली होती. तिथे सवाशिणी चौक लिहीत होत्या.

"आजी, माझं चुकलं. चल."

आजीने भिंतीकडे पाहिलं. "चौकाला घंटाभर लागंल यांना. नवशा, चौक पुरा झाला का याला मिसकॉल दे. चल रं, पोरा!"

ती लुगडं खोचून मागे बसली. सपनाच्या उंबऱ्यात पोहोचली, क्षणभर थबकली, भिंतीवरच्या एकुलत्या एका रेघेकडे पाहिलं आणि गाऊ लागली. पहिली ओळ नाही, तेरावी नाही. अगदी नेमकी चौकाची दुसरी ओळ! चिंतूआजाची काठी खाली आली. पारूकाकीने दुसरी रेघ ओढली.

मग काय विचारता! इकडे चौक चालू असताना आजी तिकडे हळद गायली. तिकडे हळद लागत असताना इकडे चौक पुरा करून घेतला. मिसकॉल आला की गाडी सुटायची. सात फेऱ्या! ओढ्यात दोनदा गाडी बंद पडली. तेव्हा अंकुश ढकलत होता आणि आजी मागे बसून "जोर लाव" म्हणत होती. दुपारी विपुलचा टेम्पो पोहोचला आणि दिवस कलायच्या आत सपनाच्या हातात खरोखरचा हात आला. पलीकडे नवशाची मुलगीही वेळेत नांदायला निघाली.

अंकुशचा ऊर पुन्हा भरून आला. "बघितलंस ना, आई? माझी कल्पना बरोबरच होती! एक धवलेरी, दोन कोरूटीन, मिसकॉलचे इव्हेंट. फक्त यंत्र बदललं!" मग तो आजीपाशी उकिडवा बसला. "पण आजी, खरं सांग. सात फेऱ्या, दोन लग्नं. इकडे कुठे थांबलीस, तिकडे कुठे थांबलीस, एवढं डोक्यात ठेवतेस कसं?"

"डोक्यात? माज्या?" आजी खो खो हसली. "अरं, मला काल काय खाल्लं ते आठवत नाय! मी उंबऱ्यात आले का तुजी आय पुढली वळ हलूच पुटपुटते. तिकडं नवशाची बायको पुटपुटते. मी नुसती धरते न् गाते."

अंकुशने सावकाश मान वळवून आईकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं? कुठे थांबलो होतो ते?"

"मलाच काय, समद्या बायांना ठाव हुतं. डबा पळाला पुढं, आमी कुठं पळालो? आमी चौकातच हुतो."

"मग मी वायर धरून उभा होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

आईने त्याच्या केसांतली पिठाची धूळ झटकली.

"तू इचारलंस कुठं, बाला? तू डब्याशी बोलत हुतास."