दुपारची मावशी

"घरात बाईमाणूस कोण आहे?" असं सोसायटीच्या चेअरमननी विचारलं आणि सुमेधने क्षणभरही न अडखळता "मावशी" म्हणून सांगितलं. सुमेधच्या आईला बहीण नव्हती. पण ही गोष्ट त्याच्या गावी, देवरुखात, सगळ्यांना ठाऊक असली, तरी वसईत कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

हे उत्तर त्याला आग्नेलने शिकवलं होतं. आग्नेल वसईजवळच्या वटारचा, इंजिनीअरिंगला सुमेधच्या पुढे दोन वर्षं, आणि बाहेरगावाहून आलेल्या पोरांचा स्वयंनियुक्त गुरू. कुकरची रिंग नेहमी एक जादा ठेवावी, साबण एकत्र वापरला तरी बादली वेगळी ठेवावी, वरण खारट झालं तर बटाटा टाकावा आणि वरण गोड झालं तर कुणाला सांगू नये, असे त्याचे सल्ले होते. निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा, केळीच्या वाडीला लागून असलेल्या इमारतीतला हा फ्लॅटही त्यानेच मिळवून दिला होता. मालक रुडॉल्फ कुवेतला. सोसायटी मात्र बॅचलरना जागा देत नव्हती. यावर आग्नेलचा सल्ला असा, की बाई नसली तरी चालते, बाई दिसली पाहिजे.

त्याप्रमाणे सुमेध आणि त्याचा जोडीदार संकेत यांनी बाई दाखवायला घेतली. सुमेधच्या आईने जिच्यात गादी बांधून दिली होती, ती जुनी मातकट साडी रोज सकाळी गॅलरीतल्या दोरीवर जायची. संकेतने स्टेशनजवळून बायकांच्या चपला आणल्या. त्या फारच नव्या दिसत होत्या म्हणून दोघांनी एक अख्खा रविवार त्या जिन्याच्या पायरीवर घासल्या. मावशींना गुडघेदुखी असल्यामुळे त्या खाली उतरत नाहीत, असं जाहीर करण्यात आलं. काम झालं.

पहिल्यांदा गडबड झाली ती साधीच होती. एका संध्याकाळी दोघं कॉलेजातून आले तर साडी दोरीवर नव्हती. ती आत खाटेवर होती, नीट चौघडी घातलेली. सुमेधला वाटलं संकेतने काढली. संकेतला वाटलं सुमेधने. दोघांनी मनातल्या मनात एकमेकांचं कौतुक केलं आणि विषय तिथेच राहिला.

मग समोरच्या फ्लॅटमधल्या वसुंधराकाकू जिन्यात भेटल्या. तुझी मावशी फार गोड बोलते हो, असं त्या म्हणाल्या. काल दारात बराच वेळ गप्पा झाल्या, गुडघ्याला एरंडाचं पान बांधा म्हणून सांगितलंय. सुमेध "हो, हो" म्हणत वर आला आणि दार लावून बसला. संकेतचं म्हणणं पडलं की टेन्शन घ्यायचं कारण नाही. शेजारणीला ओळख दाखवायची हौस असते, न भेटलेल्या माणसाशीही त्या बोलून येतात. हे बोलताना त्याने दाराबाहेरच्या चपला आत घ्यायला हात घातला आणि तो तसाच वाकून राहिला. चपलांच्या तळाला माती होती. वाडीतली, ओली, ताजी.

त्या दिवसापासून घराचा रंगच बदलला. कोपऱ्यातली केरसुणी सरकलेली दिसायची. पाण्याच्या माठावर झाकण उलटं असायचं. साडी उलगडली की घडीतून मोगऱ्याची कळी खाली पडायची, आणि ती उचलायची कुणी यावर दोघांचं एकमत होत नसे. खिडकीबाहेर केळीची पानं एकमेकांवर घासून सळसळत, तो आवाज रोजचाच होता, पण आता त्यात कुणीतरी पदर सावरतंय असं वाटे. फ्लॅटला लॅच होतं, मालकाने दिलेली किल्ली एकच, ती सुमेधच्या गळ्यात. दार मोडलेलं नाही, काही चोरीला गेलेलं नाही. चोर असता तर बरं झालं असतं, असं सुमेधला मनापासून वाटू लागलं.

साडी बाहेर घालायचं बंद करू, असं त्याने सुचवलं. दुसऱ्याच दिवशी चेअरमन निकमसाहेबांनी त्याला फाटकापाशी अडवून मावशींची तब्येत बरी आहे ना म्हणून चौकशी केली. चंद्रहास निकम मूळचे साताऱ्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांची चौकशी ही चौकशीच असायची. साडी पुन्हा दोरीवर गेली. न घालावी तर जागा जाते, घालावी तर कोणीतरी ती नेसतं, अशा कात्रीत दोघं सापडले. संकेत येवल्याचा, शेतातल्या विहिरीवर एकटा झोपणारा गडी. पण आता तो आंघोळीला जातानाही मोरीचं दार अर्धवट उघडं ठेवू लागला.

आग्नेलला विचारलं. तो म्हणाला की याच्यावर त्याच्याकडे सल्ला नाही, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

अखेर सुमेधने खरं सांगून टाकायचं ठरवलं. एका दुपारी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. उन्हात रस्ता ओस पडला होता. इमारतीखाली वसुंधराकाकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. सुमेध त्यांच्यासमोर गेला, संकेत त्याच्या मागे.

"काकू, एक सांगायचंय. आमच्याकडे मावशी नाहीये."

"अगं बाई, गेल्या? कधी?"

"गेल्या नाहीत. नाहीचेत. आधीपासूनच नाहीत."

काकूंनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं, ऊन लागलेल्या माणसाकडे पाहतात तसं. मग हनुवटीने वर खूण केली.

"अरे, त्या काय गॅलरीत."

सुमेधने वर पाहिलं. गॅलरीत कुणी नव्हतं. पण दोरीवरची साडी हळूहळू आत सरकत होती, आणि तिच्या काठावर एक सावळा, सुरकुतलेला हात होता. हात गेला. साडीही गेली. दोरी तेवढी हलत राहिली. सुमेधने गळ्यातली किल्ली चाचपली. ती गळ्यातच होती.

काकू समोर उभ्या असल्यामुळे पळून जाता येईना. दोघं जिना चढले. दार लागलेलं होतं. चपला बाहेर नव्हत्या. सुमेधने किल्ली घातली, पण ती फिरवली संकेतने, त्याचं मनगट धरून.

आत पडदे ओढलेले होते. भिंतीकडे तोंड करून, सुमेधच्या आईची साडी नेसून, एक म्हातारी बाई जमिनीवर बसली होती. ती हलली नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"दार लाव," ती म्हणाली. "ऊन येतंय."

सुमेधने दार लावलं. पुढे अनेक वर्षं त्याला याचंच नवल वाटत राहिलं, की पळायचं सोडून त्याने दार लावलं.

बाई जिवंत होती. तिचं नाव फेलिशिया, आणि ती रुडॉल्फची आत्या. निर्मळला तिचं मोठं घर होतं, मोगऱ्याची वाडी होती, आणि फ्लॅटची दुसरी किल्ली होती, जी रुडॉल्फने नळ गळला तर बघायला म्हणून तिच्याकडे ठेवली होती. फ्लॅट रिकामा होता तेव्हापासून ती दुपारी इथे येऊन बसायची. घरी सून, नातवंडं, फुलांचे व्यापारी, पंपाचा आवाज. इथे काही नाही. भाडेकरू आले तरी पोरं दुपारी नसतातच, म्हणून ती येत राहिली. एकदा समोरच्या बाईने "तुम्हीच का मावशी?" म्हणून विचारलं. नाही म्हटलं असतं तर पोरांची जागा गेली असती.

"म्हनून मी हो म्हनाले," फेलिशियाबाई शांतपणे म्हणाल्या. मग त्या वर येऊन ही साडी नेसू लागल्या आणि आपलं लाल लुगडं पिशवीत ठेवू लागल्या. चपला बऱ्या होत्या, जरा चावत होत्या. दुपारी सगळे निजले की खालच्या वाडीत फेरी मारतानाही त्याच घालायच्या. त्यांची बोली या मुलुखातली होती, देवरुखची नव्हे, पण निकमसाहेबांच्या लेखी समुद्राकडच्या सगळ्या बोली एकच.

सुमेध आणि संकेत त्या संध्याकाळी पोटभर हसले आणि कितीतरी दिवसांनी मोरीचं दार पूर्ण लागलं. आता खोटं असं काही उरलंच नव्हतं. मावशी होती, साडी होती, गुडघेही खरंच दुखत होते. आग्नेलने तर हा आपलाच सल्ला फळाला आला असं सगळ्या वर्गात सांगितलं.

मग परीक्षेची सुट्टी लागली. पोरं दिवसभर घरी राहू लागली. संकेतला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नसे. सुमेध दर तासाला चहा करायचा आणि मावशींनाही विचारायचा. मावशी नको म्हणायच्या, भिंतीकडे तोंड करून बसायच्या, आणि थोड्या वेळाने उठून जायच्या. एक दिवस त्या उठून गेल्या त्या थेट खालच्या मजल्यावर.

संध्याकाळी निकमसाहेबांनी सुमेधला बोलावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, एक प्रकारची दुखावलेली सभ्यता होती. मावशींना त्रास होतो, असं ते म्हणाले. म्हातारं माणूस, दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही, बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही. कमिटीत विषय निघाला होता आणि सगळ्यांचं एकमत झालं.

"तुम्ही दोघं दुसरीकडं बघा. मावशी इथंच राहतील. त्यांच्याबद्दल सोसायटीची काही हरकत नाही."

सुमेधने तोंड उघडलं. ती माझी मावशी नाही, असं म्हणावं तर आपण खोटं बोलून जागा घेतली हे आपल्याच तोंडाने कबूल करणं आलं. मावशी आहे म्हणावं, तर स्वतःच्या मावशीला छळणारा भाचा ठरणं आलं. तो बरं म्हणून वर आला.

फेलिशियाबाई गॅलरीत बसल्या होत्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"माझी खोली रिकामीच हाय निर्मळला," त्या म्हणाल्या. "जेवन सून करते. तिथं पाहिजे तेवढं मोठ्यानं वाच. कोनाला ऐकू जानार नाय."

रविवारी दोघांनी गाद्या बांधल्या. साडी मागायचा धीर सुमेधला झाला नाही. दोरीने गादी आवळली. निघताना निकमसाहेबांनी मावशींच्या पाया पडायला लावलं.

निर्मळच्या घरात खरोखरच काही ऐकू जात नव्हतं. पंप, पोरं, कोंबड्या आणि फुलांचे हिशेब यांत संकेतचा आवाज कुठल्या कुठे बुडून जायचा. फेलिशियाबाईंची सून विनी मात्र मायाळू होती. आग्नेलचे मित्र म्हणून सासूने पाठवलेल्या या दोन पोरांना ती पहिल्याच दिवशी भात आणि बोंबलाचं कालवण वाढत बसली.

सुमेधने पहिला घास घेतला तेव्हा ती म्हणाली, की खोली मिळाली हे बरं झालं, आई सहसा ती कुणाला देत नाहीत. पण आजपासून त्या रात्रीसुद्धा रुडॉल्फच्या फ्लॅटवरच राहणार आहेत.

"का?" संकेतने विचारलं.

"तिथं दोन पोरं राहतात ना, बाहेरगावची. त्यांना कोनी नाय. आई म्हनतात, त्यांच्याकडे बघायला घरात बाईमानूस पाहिजे."

सुमेधने संकेतकडे पाहिलं. संकेतने ताटाकडे पाहिलं. विनी आत गेली आणि एक गरम डबा फडक्यात बांधून घेऊन आली.

"जेवण झालं की तेवढा त्या पोरांना नेऊन देशील?" ती म्हणाली. "बिचारी काय खात असतील."

सुमेधने डबा घेतला आणि ताटाशेजारी ठेवला.