कांतामावशीचा मोर्चा

हिरोशिमा दिनाच्या सभेला कांतामावशी सोडून चाळीतलं कोणीच आलं नव्हतं. लालबागच्या त्या चाळीच्या अंगणात सतरंजी अंथरून, 'अणुबॉम्ब नको' लिहिलेला पुठ्ठा मांडीवर घेऊन ती एकटीच बसली होती. पूर्वी गिरणीतली माणसं यायची. मग नुसते दौलतराव यायचे. मागच्या पावसाळ्यात तेही गेले. यंदा एकही माणूस आला नाही तर आपल्या अणुबॉम्बविरोधी समितीला टाळं लावायचं, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात भोंगा बोंबलला. आज सिव्हिल डिफेन्सचं मॉक ड्रिल होतं. भोंगा वाजला की सगळ्यांनी खाली यायचं, असं आठवडाभर सांगून झालेलं. पण सिरियल सोडून कोण येतोय? स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट घातलेला चाळीतला हितेंद्र घामाघूम होऊन धावत आला.

"मावशी, वाट लागली! जखमीचं सोंग घेणारा पोरगा पळाला. साहेब नाक्यावर थांबलेत. तू पड ना जरा स्ट्रेचरवर."

"मी? अरे, ॲटमबॉम्ब पडल्यावर स्ट्रेचर उचलायला उरणार कोण, तुझा साहेब?"

"ते त्यालाच विचार. पुठ्ठा घे ना छातीवर, फोटोत येईल."

फोटोचं नाव काढल्यावर मावशी आडवी झाली. पण गप्प बसेल तर शपथ! "लपायला जागा कुठाय? डॉक्टर कुठायत?" तोंडाचा पट्टा चालूच. हितेंद्रचं डोकं सटकलं. त्यानं पांढरी चादर सरळ तिच्या तोंडावरून ओढली, वर पुठ्ठा ठेवला आणि त्याच्या जोडीच्या चौघा स्वयंसेवकांनी स्ट्रेचर उचललं.

दुसऱ्या माळ्यावरून शेवंतीनं ते बघितलं.

"अगो बाय माझे! कांता गेली गो!"

भोंग्याला जमलं नाही ते शेवंतीनं एका दमात केलं. टीव्ही बंद झाले, गॅस बंद झाले, जिने धडधडले. चाळीतलं माणूस शेवटचं निघालं की सगळ्यांनी नाक्यापर्यंत पोचवायला जायचं, ही तिथली रीतच. बघता बघता स्ट्रेचरमागे अख्खी चाळ.

चादरीखाली मावशीला सगळं ऐकू येत होतं.

"कोण होतं गो तिचं?"

"कोण नाय. आपणच."

"पत्रकं वाटायला यायची. मी आतूनच ओरडायचे, घरात कोण नाय म्हणून."

"आता रडून काय फायदा? तिचं ते बोला कोणीतरी. अणुबॉम्ब..."

"नको!"

आवाज असा घुमला की समोरच्या मसाल्याच्या दुकानातली गिऱ्हाईकंसुद्धा फुटपाथवर आली.

हितेंद्र पांढराफटक. चालता चालता तो खाली वाकून कुजबुजला, "मावशी, ऊठ ना गं. यांना कळलं तर मला धुतील."

चादर हलली नाही.

"मावशी? ए मावशी, आहेस ना?"

आतून बारीक, ओला आवाज आला. "आहे रे बाबा. हळू चाल जरा. नाका फार जवळ आहे."